पाळक, पाळकबाई आणि त्यांचं घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका लहान ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकांची (पास्टरांची) पत्नी. सेवेत आम्हाला २१ वर्षं झाली. उपासनेनंतर दाराशी, लग्नघरात, दवाखान्याच्या बाकावर लोक मला जे विचारतात, ते इथे लिहिलं आहे. काही प्रश्न मंडळीतल्या माणसांचे आहेत, काही नव्याने सेवेत येणाऱ्या जोडप्यांचे. उत्तरं माझी आहेत. यांनी ती वाचली आहेत. दोन ठिकाणी यांचं मत वेगळं होतं, ते मी तिथेच नोंदवलं आहे.

रविवारी दीड तास उपासना. मग उरलेले सहा दिवस पाळक काय करतात?

टोमणा मारायला कोणी हे विचारत नाही. काम दिसत नाही, म्हणून विचारतात. आमच्याकडे मंगळवारी सकाळी रविवारसाठीचा बायबलमधला उतारा उघडला जातो. संदेशाला, म्हणजे रविवारच्या प्रवचनाच्या तयारीला, दहा-बारा तास लागतात, पण ते सलग कधीच मिळत नाहीत. मध्ये आजाऱ्यांच्या भेटी असतात, प्रार्थनासभा असते, बाप्तिस्म्याचा वर्ग असतो. लग्न ठरलेल्या मुलामुलीला चार वेळा बसवून बोलायचं असतं. नोंदवह्या, दाखले, कमिटीची सभा, गळणारं छत, खरखरणारा माईक हेही असतंच. लहान मंडळीला कचेरी नसते, त्यामुळे चर्चची किल्लीसुद्धा आमच्या दारामागच्या खिळ्यावर लटकते. अंत्यविधी तर दिवस ठरवून येत नाही. ज्या आठवड्यात दोन घरांत दुःख होतं, त्या आठवड्यात शनिवारी रात्री एक वाजता आमच्या घरात दिवा चालू असतो.

मोठ्या चर्चमध्ये कामं वाटलेली असतात. लहान मंडळीतही कामं उचलणारी माणसं असतात, पण मागायची आणि द्यायची सवय नसते. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात सासरा इथ्रो मोशेला सांगतो की हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेम, नाहीतर तूही झिजशील आणि लोकही. हा उतारा कामाच्या वाटपासाठी सगळे वाचतात. पण अध्यायाची सुरुवात पाहा. इथ्रो एकटा आलेला नाही. मोशेने माघारी पाठवलेली त्याची बायको सिप्पोरा आणि दोन मुलगे, गेर्षोम आणि अलियेजर, यांना घेऊन तो आला आहे. आणि दुसऱ्याच दिवशी त्याला काय दिसतं? जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करत बसलाय आणि लोक भोवती उभे आहेत. सल्ला देताना सासऱ्याच्या मनात आपली लेकही असणार, असं मला दर वेळी वाटतं. शास्त्र तसं म्हणत नाही. हे माझं वाचन आहे, आणि यांना ते पटत नाही.

पाळकांनी आमच्या घरी भेटीला किती वेळा यावं?

मंडळी लहान असेल तर वर्षातून दोनदा तरी, आणि घरात आजारपण किंवा दुःख असेल तर न बोलावता.

इथे इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टरचे पाळक रिचर्ड बॅक्स्टर यांचं उदाहरण हमखास दिलं जातं. १६५६ साली त्यांनी पाळकांसाठी पुस्तक लिहिलं, त्यात स्वतःची पद्धत सांगितली आहे. सोमवार आणि मंगळवार जवळजवळ दिवसभर कुटुंबांशी बोलायचं, आठवड्याला पंधरा-सोळा कुटुंबं, म्हणजे आठशेहून जास्त घरांची फेरी वर्षात पूर्ण होते. नवा पाळक हे वाचून भारावतो आणि लगेच वेळापत्रक मांडतो. त्याला कोणीतरी दोन गोष्टी सांगायला हव्यात. बॅक्स्टर यांना हाताखाली सहायक होता. आणि तेव्हा ते अविवाहित होते. लग्न त्यांनी १६६२ साली केलं, किडरमिन्स्टर सुटल्यावर. ज्याच्या घरी दोन लेकरं गृहपाठाची वही उघडून बसली आहेत, त्याने तेच वेळापत्रक जसंच्या तसं उचललं तर किंमत लेकरं मोजतात.

रात्री-अपरात्री फोन केला तर चालेल का?

मृत्यू, अपघात, दवाखान्यात भरती, घरातली मारहाण, जीव द्यायचा विचार : बेलाशक करा. तेव्हा माफीही मागू नका. (मारहाण किंवा जिवाला धोका असेल तर पाळकांच्या आधी पोलिसांना आणि डॉक्टरांना कळवा. पाळक तुमच्याजवळ बसायला येतीलच.) पुढच्या महिन्याच्या सहलीची यादी मात्र सकाळी दहाला विचारली तरी चालते.

रात्रीच्या फोनला आमच्या घरात एक क्रम आहे. पहिल्याच वाक्यावर हे उठून बसतात. सदरा चढवतात, विधीचं छोटं पुस्तक खिशात जातं, चष्मा मी हातात देते. दाराची कडी हळू लावतात, मुलं उठू नयेत म्हणून. पहाटे परत येतात तेव्हा काही बोलत नाहीत. मोरीत उभं राहून बराच वेळ हात धूत राहतात. पहिल्या वर्षी मी दारातच विचारायची, “काय झालं?” आता विचारत नाही. टॉवेल घेऊन उभी राहते.

त्या रात्रींबद्दल मला कधी तक्रार वाटली नाही, मुलांनाही नाही. मरणाच्या दारात बसलेल्या घराला आपले बाबा हवे असतात, हे चार वर्षांच्या मुलालाही कळतं.

मग घरच्यांना नेमकं काय खुपतं?

थोरली आठ वर्षांची होती. शाळेच्या कार्यक्रमात तिला एकच वाक्य होतं. हे येणार, असं त्यांनी तिला स्वतः सांगितलं होतं. निघायच्या अर्ध्या तास आधी फोन आला. नव्या खुर्च्या कुठल्या बाजूला लावायच्या, यावरून कमिटीत दोन तट पडले होते आणि दोन्हीकडच्यांना पाळक तिथे हवे होते. हे गेले. मुलगी स्टेजवर आली, हॉलच्या दाराकडे बघितलं, वाक्य म्हटलं, पुन्हा दाराकडे बघितलं.

रात्री झोपताना ती मला म्हणाली, “देवाचं काम होतं ना?” आवाजात राग नव्हता, आणि मला त्याचीच भीती वाटली. कारण “बाबांना देवाचं काम आलं” हे वाक्य आमच्या घरात मीच रुळवलं होतं. बाबा दिसत नाहीत, याचं खापर ते लेकरू बाबांवर फोडत नव्हतं, कमिटीवरही नाही. मुकाट्याने ते देवाच्या खात्यावर मांडत होतं.

त्या आठवड्यात आम्ही दोघांनी ठरवलं की आपल्या निर्णयावर देवाचं नाव लावायचं नाही. अंत्यविधी असेल तर “अमक्यांच्या घरी माणूस गेलंय, बाबांना तिथे गेलं पाहिजे” असं कारणासकट सांगायचं. कमिटीसाठी गेले तर “बाबांनी जायचं ठरवलं” इतकंच. हे दुसरं वाक्य तोंडातून काढताना जीभ अडखळते, आणि अडखळली की बऱ्याचदा जाणं रद्द होतं.

वेळ कमी मिळतो म्हणून मुलं दुरावत नाहीत. आमच्या मुलांना वेळ कमीच मिळाला. शब्द देऊन मोडला की दुरावतात, आणि त्या मोडण्याला पवित्र कारण जोडलं की देवापासूनही दुरावतात. नव्या पाळकाला मला एकच गोष्ट सांगायची असेल तर हीच.

“नाही” कसं म्हणायचं? समोरच्याला वाईट वाटतं.

आमच्या घरी एक रेघांची डायरी आहे. तिच्यात दर गुरुवारी संध्याकाळी सहाच्या समोर “घर” असं लिहिलेलं असतं, शाईने. कोणी गुरुवार मागितला तर हे डायरी उघडतात आणि म्हणतात, “त्या वेळी मी एका कुटुंबाला शब्द दिलाय. शुक्रवारी येऊ?” हे पूर्ण खरं असतं. गेल्या तेरा वर्षांत या उत्तरावर कोणी रागावलेलं नाही.

पाळकबाई म्हणून तुमच्याकडे कुठलं काम असतं?

नेमणुकीच्या पत्रात माझं नाव नव्हतं. तरी पहिल्याच रविवारी महिला मंडळाची वही, रविवारच्या शाळेच्या चाव्या आणि पेटी वाजवायची विनंती माझ्याकडे आली. मला पेटी येत नाही.

काही संस्थांमध्ये हे उघड ठरलेलं असतं. साल्वेशन आर्मीत, म्हणजे मुक्तिफौजेत, नवराबायको दोघंही प्रशिक्षण घेऊन अधिकारी होतात अशी जुनी परंपरा आहे. इतर बहुतेक ठिकाणी बायको गृहीत धरली जाते. मी रविवारची शाळा घेते, कारण मला मुलांना शिकवायला आवडतं आणि ते दान, म्हणजे देवाने दिलेली हातोटी, मला आहे. महिला मंडळाचं अध्यक्षपद मी तिसऱ्या वर्षी सोडलं. जिने ते घेतलं, ती माझ्यापेक्षा किती तरी पटीने चांगलं चालवते. मी खुर्ची अडवून बसले असते तर तिचं दान मंडळीला कधी दिसलंच नसतं.

नव्या पाळकबाईला माझं सांगणं : पहिलं वर्ष काही घेऊ नका. बघा, ऐका, नावं पाठ करा. आणि तुमची स्वतःची नोकरी किंवा शिक्षण असेल तर ते सोडायची घाई करू नका.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांच्या पत्नी काथारिना फॉन बोरा यांचं मला फार कौतुक आहे. जून १५२५ मध्ये त्यांचं लग्न झालं आणि व्हिटेनबर्गचा जुना मठ हेच त्यांचं घर झालं. शेती, गुरं, मुलं, वर्षानुवर्षं राहणारे विद्यार्थी आणि पाहुणे, हा सगळा गाडा त्यांनी ओढला. हिशेबही त्याच सांभाळत, कारण ल्यूथर हाताला लागेल ते देऊन टाकत. पाळकाचं घर कसं असतं याचा नमुना नंतरच्या लोकांनी त्या घरावरून घेतला. पण त्यांना कोणी महिला मंडळाची वही दिली नव्हती, हेही लक्षात ठेवावं.

पाळक विवाहितच असावा का?

नाही. प्रेषित पौल स्वतः एकटा होता, आणि केफा (म्हणजे पेत्र) बायकोला बरोबर घेऊन फिरत असे हेही तोच लिहितो. रोमन कॅथलिक पंथाच्या लॅटिन परंपरेत धर्मगुरू अविवाहित असतात, ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत दीक्षेआधी लग्न झालेलं चालतं, प्रोटेस्टंटांत दोन्ही चालतं.

“ज्याला स्वतःचं घर चालवता येत नाही, तो मंडळी काय सांभाळणार?” मग पाळकाचं मूल भरकटलं तर त्याने पद सोडावं का?

१ तीमथ्य ३ आणि तीताच्या पत्राचा पहिला अध्याय, दोन्हीकडे पौलाने घराची अट घातली आहे. ती खरी आहे आणि ती सौम्य करायला मी बसलेली नाही. घरात ओरडणारा, हात उगारणारा, बायकोमुलांना धाकात ठेवणारा माणूस व्यासपीठावर कितीही गोड बोलला तरी पाळक म्हणून अपात्र आहे. हे झाकण्यात आपल्या मंडळ्यांनी मोठं पाप केलंय.

पण सोळा वर्षांचा मुलगा “मला चर्चला यायचं नाही” म्हणाला, तर घर कोसळलं असं होत नाही. बायबलमधल्या एली या याजकाला देवाने दोष दिला तो त्याचे मुलगे हफनी आणि फिनहास दुष्टपणा करत असताना, ते ठाऊक असूनही त्याने त्यांना आवरलं नाही म्हणून. दोषाचं मूळ तिथे आहे. माझ्या धाकट्याने दीड वर्ष उपासनेत पाय ठेवला नाही. मंडळीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी त्या काळात त्याला एकदाही “चर्चला का येत नाहीस?” असं विचारलं नाही. दर शनिवारी ते त्याच्याबरोबर सायकल दुरुस्त करत बसायचे. तो परत आला तेव्हा त्यांच्या शेजारी जाऊन बसला, आमच्या बाकावर नाही.

यांचं मत असं की त्या दीड वर्षात त्यांनी व्यासपीठावरून दूर राहायला हवं होतं. आमच्या वडीलमंडळाने, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांनी, राहू दिलं नाही. मला वडीलमंडळाचं पटतं.

पाळकाच्या मुलांशी कसं वागावं?

इतर मुलांशी वागता तसंच. वचन पाठ नसेल तर “तू पाळकांचा मुलगा ना?” म्हणू नका. संदेशात मुलांची गंमत सांगायची झाली तर पाळकांनी आधी मुलांना विचारावं. आमच्याकडे थोरलीने एकदा स्पष्ट नकार दिला आणि तो संदेश त्या उदाहरणाशिवायच झाला.

पाळकांना स्वतःचं घर असतं का?

बऱ्याचदा मंडळीचं घर असतं. त्याचा आधार मोठा, पण त्यात एक कायमची धाकधूक असते. इंग्लंडमधल्या हॉवर्थला पॅट्रिक ब्राँटी १८२० साली पाळक म्हणून आले. पुढच्याच वर्षी पत्नी वारली, आणि पुढच्या वर्षांत एकेक करून सहाही मुलं त्यांच्या हयातीतच गेली. त्यांतल्या तीन मुलींची नावं आज जगभर वाचक घेतात. पण त्या लेखिकांच्या डोक्यावरचं छप्पर वडिलांच्या पदाशी बांधलेलं होतं. वडील गेले असते तर घरही गेलं असतं.

म्हणून दोन विनंत्या. पाळकगृहात येताना दार वाजवा, घर मंडळीचं असलं तरी. आणि पाळक दगावले तर विधवेला किती महिने त्या घरात राहता येईल, हे आजच कमिटीच्या वहीत लिहून ठेवा. दुःखाच्या आठवड्यात ही चर्चा कोणालाच नीट करता येत नाही.

मानधन पुरेसं नसेल तर पाळकाने नोकरी करावी का?

करावी लागली तर करावी, त्यात कमीपणा नाही. करिंथमध्ये पौल अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबू शिवत होता. पण तोच पौल करिंथकरांना लिहितो की सुवार्ता सांगणाऱ्यांचा निर्वाह सुवार्तेवर व्हावा असं प्रभूनेच ठरवलं आहे. आपला हक्क त्याने स्वतःहून सोडला होता. मंडळीने तो परस्पर काढून घेणं ही वेगळी गोष्ट आहे. आम्ही पहिली सहा वर्षं दोघांच्या कमाईवर काढली. हे दुपारपर्यंत शिकवायला जात. मंडळीने अपेक्षा तेवढ्या कमी केल्या असत्या तर ती वर्षं सोपी गेली असती. अर्धवेळ मानधन द्यायचं असेल तर कामही अर्धवेळच मागा, आणि ते कागदावर ठेवा.

लोक पाळकांना सांगतात ते सगळं तुम्हाला कळतं का?

नाही. लग्नाआधीच हे ठरलं होतं. बाजारात एखादी बाई माझी नजर टाळते तेव्हा मला समजतं की तिने यांना काही सांगितलंय. तिला मी काय सांगणार, की ताई, मला खरंच काही माहीत नाही? मी फक्त तिच्या मुलांची चौकशी करते. लेकरावर अत्याचार होतोय असं कळलं तर मात्र हे गुपित ठेवत नाहीत आणि तसं ते बोलायला बसतानाच सांगतात.

मंडळीत मैत्री करावी का?

करावी. “पाळकाने अंतर राखावं” हा सल्ला आम्हालाही मिळाला होता, आणि त्याने आमची चार वर्षं एकाकी गेली. त्याच्या जोडीला गावाबाहेरचं एक पाळक जोडपं असावं, ज्यांच्याजवळ मन मोकळं करता येईल.

पाळक थकलेत, हे मंडळीने कसं ओळखावं?

संदेश बिघडल्यावरून ओळखू नका, तो सगळ्यात शेवटी बिघडतो. आधी हसू जातं. मग झोप. मग नावं विसरायला होतात.

ईजबेल राणीच्या धमकीनंतर संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देव त्याला आधी उपदेश करत नाही. झोपू देतो, दूताकरवी भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो. प्रश्न त्यानंतर येतो, चाळीस दिवसांनी. ज्या वर्षी हे खचले, त्या वर्षी मंडळीने सहा रविवार दुसऱ्यांना बोलावलं आणि आम्हाला सांगितलं, “उपासनेला आलात तर मागे बसा.” पहिल्या रविवारी हे मागच्या बाकावर बसून गाणं म्हणत होते. मान वर करून, पुस्तक न बघता. तसं गाताना मी त्यांना कितीतरी वर्षांनी पाहिलं.

पाळकांच्याच घरात दुःख आलं तर?

त्यांना पाळक करू नका. ल्यूथर यांची मुलगी माग्दालेना १५४२ साली तेरा वर्षांची असताना वारली. तिच्या खाटेशी गुडघे टेकून ते ढसाढसा रडले. पुनरुत्थानाविषयी त्या काळात त्यांच्याएवढं बोललेला माणूस विरळाच. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा विधी यांनीच करावा असं काहींना वाटत होतं. शेजारच्या गावचे पाळक आले, त्यांनी विधी केला आणि यांना पहिल्यांदाच मुलगा म्हणून बसता आलं.

पाळक बदलायचा असेल तर?

प्रेमाने आणि तोंडावर बोला. अमेरिकेतल्या नॉर्थॅम्प्टनच्या मंडळीने जोनाथन एडवर्ड्स यांना १७५० साली काढलं. तेवीस वर्षांची सेवा आणि घरात मोठं कुटुंब. दुसरा कोणी मिळेना, म्हणून त्यानंतरही कित्येक रविवार त्याच लोकांना ते संदेश देत राहिले. त्या रविवारी उपासनेला जाताना त्यांच्या पत्नी सेरा यांचा पाय कसा उचलला असेल, हे मला वाचतानाही सोसत नाही.

आम्ही काही मदत करावी का? काय करू?

रविवारी संध्याकाळी फोन करू नका. वर्षातून एकदा सलग दोन रविवार त्यांना गावाबाहेर पाठवा, आणि बोलणारा दुसरा माणूस तुम्हीच शोधा. संदेशातलं एखादं वाक्य बुधवारीही आठवत असेल तर बुधवारी सांगा. आणि कधी आलात आणि हे म्हणाले, “आज गुरुवार आहे,” तर दारातूनच मुलांना हात करा आणि शुक्रवारी या. येताना चर्चची किल्ली मागून न्या आणि तुमच्याच घरी ठेवा.